एका नावावर तीन शेतं

२०२४ च्या मे महिन्यात, रात्री साडेअकराच्या सुमारास, पंखा फुल स्पीडवर असूनही पाठ गादीला चिकटते अशा भांडुपच्या उकाड्यात मी एक गेम विकत घेतला. त्यात विशेष काही नाही, पण तोच गेम माझ्या लॅपटॉपवर आधीच होता आणि फोनवर पण होता, दोन्हीकडे रीतसर पैसे मोजून. बायको शेजारी पडून तिच्या फोनवर काहीतरी बघत होती, तिने मान वळवून माझ्या हातातल्या नव्या कन्सोलच्या, म्हणजे गेम खेळायच्या मशीनच्या, स्क्रीनकडे पाहिलं, ते संगीत ओळखलं आणि म्हणाली, "हा तर आहे ना तुझ्याकडे?" मी म्हटलं हो. "मग?" मी म्हटलं, हा ह्याच्यावरचा आहे. त्यावर ती नुसतं "बरं" म्हणाली, आणि लग्नाला सात वर्षं झालेल्या माणसाला त्या "बरं"चा अर्थ समजावून सांगावा लागत नाही.

गेम म्हणजे स्टारड्यू व्हॅली. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो, एरिक बरोन नावाच्या एका माणसाने चार वर्षांहून जास्त काळ घरी बसून चित्रं, संगीत, प्रोग्रामिंग, संवाद असं सगळं एकट्याने केलं आणि फेब्रुवारी २०१६ मध्ये हा गेम पीसीवर आणला. आजवर चार कोटींच्या वर कॉपी खपल्यात. त्या चार कोटींत तीन मी आहे.

गेमची गोष्ट अशी की शहरातल्या एका कंपनीत टेबलाला टेबल लावून बसलेला, पार पिचलेला माणूस. एक दिवस ड्रॉवरमधून आजोबांचं पत्र काढतो, त्यात लिहिलेलं असतं की आता माझी जमीन तुझी, तिकडे जा. आणि हा नोकरी सोडून जातो. एवढं वाचून कुठल्याही कोकणी माणसाला आधी हसूच येईल. आमच्या आजोबांनी पण जमीन ठेवलीये, कणकवलीच्या पुढे, पण पत्र नाही ठेवलं, सातबारा ठेवला. त्यावर तेवीस नावं आहेत, त्यातली सहा माणसं वारली, दोघं सध्या कुठे असतात ते कोणाला माहीत नाही, आणि एक नाव नेमकं कोणाचं यावर दर गणपतीत नव्याने वाद होतो. घरामागे एक भरड आहे, आजोबा तिथे नाचणी आणि कुळीथ करायचे, आता कमरेएवढं रान आहे. त्यामुळे गेमने शेताचं नाव काय ठेवायचं असं विचारलं तेव्हा मी काही विचार न करता "भरड" टाइप करून मोकळा झालो. हे लॉकडाऊनमध्ये, २०२० च्या जूनमध्ये. स्टीम नावाच्या गेमच्या ऑनलाइन दुकानात सेल लागला होता, पाचशे रुपयांच्या आत काम झालं, आणि घरात अडकलेल्या माणसाला रोज सकाळी सहाला उठून शेतात जायला मिळत होतं, भले ते शेत पंधरा इंचांचं असेना.

गेममधला एक दिवस म्हणजे आपली साधारण चौदा मिनिटं. सकाळी सहाला उठायचं, रात्री दोनच्या आत झोपायचं नाहीतर माणूस रस्त्यात कोसळतो. ऋतू चार, प्रत्येकी अठ्ठावीस दिवसांचा. गावातलं बियाण्याचं दुकान बुधवारी बंद, हे मी इतक्या वेळा विसरलोय की विचारू नका, दादर सोमवारी बंद हे लहानपणापासून डोक्यात पक्कं आहे पण हे बुधवारचं काही केल्या बसत नाही. आणि मुख्य म्हणजे झोपलात की गेम सेव्ह होतो. दिवसभर काय केलं ते झोपल्याशिवाय खरं होत नाही.

२०२० च्या डिसेंबरमध्ये त्या बरोनने फुकटात एक मोठा अपडेट दिला, त्यात एक बेट आलं, आणि त्या बेटावर आंब्याचं कलम मिळायला लागलं. आता इथे जरा थांबतो कारण हे महत्त्वाचं आहे. बेटावर जायला आधी गावाचं जुनं समाजमंदिर दुरुस्त करावं लागतं, त्यात तास न् तास जातात, मग तिथल्या कोळ्याची बोट दुरुस्त करायची, त्यासाठी दोनशे कठीण लाकडं, पाच इरिडियमच्या विटा, पाच बॅटऱ्या. हे सगळं करून बेटावर पोचलं की तिथला व्यापारी आंब्याचं रोप देतो, पण पैशांनी नाही, पंच्याहत्तर शिंपल्यांच्या बदल्यात. पंच्याहत्तर शिंपले! मी रोज किनाऱ्यावर जाऊन दोन-चार, दोन-चार असे जमवले. मालवणी माणसाने शिंपले देऊन आंबा घ्यायचा हा हिशेब अमेरिकेतल्या एका माणसाला कसा सुचला देव जाणे. रोप आणून घराच्या उजव्या अंगाला लावलं, आजूबाजूची जागा मोकळी ठेवली, कारण जवळ काही असलं की झाड वाढत नाही, अठ्ठावीस दिवस वाट पाहिली, आणि उन्हाळा लागला तेव्हा झाडावर आंबा लागला. रोज एक. तीन साठले की मग थांबतो, काढेपर्यंत नवीन लागत नाही. मी ते बाबांना दाखवलं. बाबा चष्मा वर करून म्हणाले, "कलम आहे की रायवळ?"

तर ते पहिलं शेत.

दुसरं शेत घेतलं २०२३ मध्ये फोनवर, कारण ऑफिस परत सुरू झालं. भांडुपला बऱ्याच फास्ट थांबत नाहीत, स्लोने दादरपर्यंत अर्धा तास, पस्तीस मिनिटं, म्हणजे गेमच्या हिशेबात सव्वादोन दिवस. संध्याकाळी परत येताना नशीब असेल तर चौथी सीट मिळते, म्हणजे एक मांडी सीटवर, दुसरी हवेत, आणि त्या अवस्थेत फोन आडवा धरून मी फ्लॉवरला पाणी घालायचो. एकदा शेजारच्या काकांनी घाटकोपरपासून विक्रोळीपर्यंत न बोलता बघितलं आणि मग विचारलं, "फ्लॉवर किती दिवसांत?" मी म्हटलं बारा. काका दोन सेकंद विचार करून म्हणाले, "हायब्रीड असेल."

फोनवरच्या गेमचे चारशे-साडेचारशे रुपये गेले, त्याचं मला तेव्हाही काही वाटलं नाही आणि आत्ताही नाही. फोनचं व्हर्जन बनवणं म्हणजे पीसीचा गेम लहान करून देणं नसतं. माउस-कीबोर्डच्या जागी एक अंगठा आला की सगळंच बदलतं, चालायचं कसं, कुऱ्हाड मारायची कशी, मासा पकडायचा कसा. ते काम एका वेगळ्या टीमने केलं, वेगळे महिने घालवून. त्यांना पैसे मिळायला नकोत का? आम्ही आयटीवाले, आम्हाला तर कळायला पाहिजे की "फक्त मोबाइलवर पण चालवून द्या" या एका वाक्यात किती जणांचे शनिवार-रविवार जातात.

आणि भारी गोष्ट म्हणजे माझं जुनं शेत मला फोनवर आणता आलं. केबल लावायची, लॅपटॉपवर सेव्हचं फोल्डर शोधायचं, ते उचलून फोनच्या त्या गेमच्या फोल्डरमध्ये टाकायचं. अँड्रॉइड ११ पासून फोनने त्या बाजूच्या फोल्डरना कुलूपच लावून ठेवलंय, त्यामुळे फोनमधल्या फोनमध्ये हे करणं कटकटीचं झालंय, पण कॉम्प्युटरमधून माझं झालं. करता करता मी ती सेव्ह फाइल नुसत्या नोटपॅडमध्ये उघडून बघितली. साधा मजकूर असतो, कुलूपबंद वगैरे काही नाही. शेताचं नाव, खिशातले पैसे, कुत्र्याचं नाव, कोणाशी किती मैत्री, कुठल्या चौकोनात काय पेरलंय, सगळं ओळीखाली ओळ. तीन वर्षं, दीडशे तास, सगळं मिळून दोन-चार एमबी. आपल्या व्हॉट्सॲपवर सकाळी येणारा एखादा गुलाबाचा व्हिडिओ याच्यापेक्षा जड असतो. आणि तरी ते फोनवर उघडलं आणि घराच्या उजव्या अंगाला तो आंबा दिसला तेव्हा मी मुलुंडला उतरलो, भांडुप गेलं होतं.

मग मार्च २०२४ आला. पीसीवर नवीन अपडेट आला, १.६, आणि मी आनंदाने लॅपटॉपवर दोन रात्री खेळलो. तिसऱ्या दिवशी फाइल फोनवर टाकली तर उघडेना. फोनवर अजून १.५ होतं. नव्या व्हर्जनमध्ये झोपलेलं शेत जुन्या व्हर्जनमध्ये जागं होत नाही, साधा नियम आहे, चूक माझीच. फोनवर आणि सगळ्या कन्सोलवर तो अपडेट यायला ४ नोव्हेंबर उजाडला, साडेसात महिने. तोपर्यंत माझी दोन शेतं दोन वेगळ्या काळात राहत होती. लॅपटॉपवर पाचव्या वर्षाचा वसंत, फोनवर चौथ्या वर्षाची थंडी, आणि दोन्हीकडे मीच. कधी कधी ट्रेनमध्ये एखादी गोष्ट बांधायचो आणि रात्री लॅपटॉपवर शोधत बसायचो की अरे ती इथे होती ना. बँकेचं पासबुक आणि बँकेचं ॲप वेगवेगळी शिल्लक दाखवायला लागलं तर माणसाचं जे होईल ते माझं होत होतं.

या वैतागातून तो कन्सोल घेतला, हे खरं कारण. बायकोला मी दुसरं सांगितलं होतं. ग्रँट रोडला उतरून लॅमिंग्टन रोडवर चार दुकानं फिरलो, बिल हवं असेल तर एक भाव, नको असेल तर दुसरा. गेम घ्यायला ऑनलाइन दुकानात आपलं कार्ड चालेना, मग गिफ्ट कार्ड घेतलं. गेम होता १४.९९ डॉलरचा आणि कार्ड मिळालं वीस डॉलरचं, वर विकणाऱ्याचा कट, म्हणजे एकोणीसशे रुपये. उरलेले पाच डॉलर अजून तिथेच पडलेत, पाच डॉलरमध्ये काही येत नाही आणि ते परत पण मिळत नाहीत. तो कोड खरडून टाकला, गेम उतरवला, आजोबांचं पत्र आलं, बसमधून उतरलो, आणि समोर दगड, झाडंझुडपं, वाळकं लाकूड. एक रिकामी झोपडी. पहिल्या दिवशी गावचे सरपंच पंधरा बिया देतात, पार्सनिपच्या, म्हणजे आपलं पांढरं गाजरासारखं काहीतरी. घराच्या उजव्या अंगाला दगड.

कारण त्या कन्सोलवर सेव्ह नेताच येत नाही. म्हणजे केबल लावा, कार्ड काढा, काहीही करा, तुमची फाइल तिकडे घालायला फटच ठेवलेली नाही. हे मला घ्यायच्या आधी माहीत होतं का? वाचलं होतं. पण माणसाला वाटतं ना, काहीतरी जुगाड असेलच.

पैशाबद्दल बोलायचं तर माझा नैतिक अधिकार फार मोठा नाही, हेही सांगून टाकतो. आमच्या पिढीने गेम विकत घेतले ते कसे? आधी त्या पिवळ्या-काळ्या कॅसेट. "९९९९९९ इन १" असं वर छापलेलं, आणि आत मोजून पंधरा-वीस गेम, बाकी सगळे तेच ते, फक्त एकात तुम्हाला तीस लाइफ जास्त, दुसऱ्यात तिसऱ्या लेव्हलपासून सुरुवात, तिसऱ्यात मारिओच्या कपड्याचा रंग वेगळा. आम्ही चाळीतली पोरं ती यादी पान पान करून खाली नेत बसायचो, वाटायचं खूप खाली कुठेतरी एखादा असा गेम असेल जो कोणीच पाहिला नाही. कॅसेट चालली नाही की काढून फुंकर मारायची. मग सीडी आल्या, फोर्टच्या फुटपाथवर शंभरला एक, घासाघीस केली तर अडीचशेला तीन, आणि त्या कोणाच्या होत्या ते विचारायची पद्धत नव्हती. ज्यांनी बनवलं त्यांना आमच्याकडून एक पैसा गेला नसेल. तेव्हा एकदाच पैसे देऊन एकच गेम हजार वेळा मिळायचा, आता हजार वेळा पैसे देऊन एकच. आजी असती तर म्हणाली असती, फेड आता व्याजासकट.

आणि मी एकटा नाही. माझा मावसभाऊ ठाण्याला असतो, त्याने जीटीए फाइव्ह हा दरोडे घालायचा गेम २०१३ मध्ये पीएस थ्रीवर, म्हणजे सोनीच्या कन्सोलवर घेतला, मग पीएस फोरवर घेतला, मध्ये पीसीवर घेतला कारण मित्र तिकडे होते, आणि २०२२ च्या मार्चमध्ये पीएस फाइव्हसाठी वेगळा आला तो पण घेतला. त्याच शहरात, त्याच तीन हिरोंबरोबर, त्याच बँकेवर तो २०१३ पासून दरोडा घालतोय. बँक कोण लुटतंय हा प्रश्न त्याला पडत नाही. त्या गेमच्या वीस कोटींच्या वर कॉपी विकल्या गेल्यात, त्यात माझ्या मावसभावासारखे किती ते मोजायला पाहिजे. माइनक्राफ्टचं तर अजून भारी, एकाच विंडोज कॉम्प्युटरवर चालणाऱ्या त्याच्या दोन आवृत्त्या, जावा आणि बेडरॉक, वेगवेगळ्या विकत घ्याव्या लागायच्या, जून २०२२ मध्ये त्या एकत्र विकायला लागले. फोनवरचा मात्र अजून वेगळाच.

हे असंच असायला पाहिजे असं काही नाही, म्हणून जास्त राग येतो. स्टीमने २०१० मध्येच विंडोजवर घेतलेला गेम मॅकवर तसाच द्यायला सुरुवात केली होती, परत पैसे नाहीत. सोनीने काही काळ क्रॉस-बाय म्हणून सोय ठेवली होती, टीव्हीवरच्या मशीनसाठी घेतलेले काही गेम हातातल्या व्हिटावर पण यायचे. मायक्रोसॉफ्टने २०१६ पासून काही गेमना एकदा घ्या आणि एक्सबॉक्सवर पण खेळा, विंडोजवर पण खेळा असं केलं, सेव्हसकट. म्हणजे तांत्रिक अडचण वगैरे जे आपल्याला सांगतात ते अर्धंच खरं. जिथे दोन्ही घरं एकाच मालकाची असतात तिथे मधली भिंत पाडायला फार खर्च येत नाही. २०२१ मध्ये होरायझन नावाच्या गेमच्या दुसऱ्या भागाचं आगाऊ बुकिंग जाहीर झालं तेव्हा सोनीने साध्या पीएस फोर कॉपीवाल्यांना पीएस फाइव्हचं व्हर्जन द्यायचं नाही असं ठरवलं होतं, लोकांनी बोंब मारली, दोन-तीन दिवसांत फुकट देऊ म्हणाले, आणि त्याच दमात हेही सांगितलं की इथून पुढच्या गेमना मात्र दहा डॉलर लागतील. म्हणजे भाव बोंबेवर ठरतो.

मालक म्हटल्यावर मला पागडी आठवते. गिरगावात माझ्या आत्याचं पागडीचं घर होतं, दोन खोल्या, कॉमन गॅलरी. मुंबईबाहेरच्या माणसाला हे समजावणं अवघड असतं, की घरासाठी एकगठ्ठा भरपूर पैसे द्यायचे, पिढ्यान्‌पिढ्या राहायचं, भाडं नाममात्र, पण घर तुमचं नाही. विकायचं झालं तर मालक त्याचा वाटा घेणार, साधारण तिसरा हिस्सा, मगच नवीन माणसाच्या नावाची पावती फाडणार. आता ही गेमची दुकानं बघा. स्टीम असो, ॲपलचं असो, कन्सोलवाल्यांची असोत, नेहमीचा कट तीस टक्के. आकडा ओळखीचा वाटतो ना? फक्त आत्या निदान घर विकून बाहेर तरी पडू शकली, आज बोरिवलीला लिफ्टच्या बिल्डिंगमध्ये आहे. मला माझा डिजिटल गेम ना विकता येतो, ना भाच्याच्या नावावर करता येतो. आपण "विकत घ्या" असं लिहिलेलं बटण दाबतो आणि मिळतो तो वापरायचा परवाना. कॅलिफोर्नियात यासाठी कायदाच आला, १ जानेवारी २०२५ पासून लागू झाला, की परवाना विकत असाल तर तसं स्पष्ट सांगा, नुसतं "खरेदी" म्हणून लोकांना फसवू नका. स्टीमने त्याच्या आधीच पैसे भरायच्या पानावर ती ओळ टाकली. मी ती वाचली, आणि पैसे भरले. पागडीचा कागद पण आत्याने वाचलाच होता.

तर तीनदा पैसे, हे मी मनात असं बसवून टाकलंय: पहिले बरोनला, दुसरे त्या फोनवाल्या टीमला, तिसरे माझ्या आळशीपणाला. हिशेब मिटला. जे मिटत नाही ते आंब्याचं. कारण आंबा त्यांनी बनवला नाही. म्हणजे झाडाचं चित्र त्यांचं आहे, कबूल, पण ते पंच्याहत्तर शिंपले मी वेचले होते. लॉकडाऊनमध्ये समोरच्या बिल्डिंगला पट्टी बांधलेली, खाली ॲम्ब्युलन्सचा आवाज, आणि मी रात्री दीडला किनाऱ्यावर शिंपले वेचतोय. ती फाइल दोन-चार एमबीची आहे आणि त्यातली प्रत्येक ओळ माझ्या एकेका संध्याकाळची आहे. तिसऱ्यांदा पैसे मागा, देतो, पण मग सामान तरी आत घेऊ द्या. आमच्याकडे भाड्याचं घर बदलताना टेम्पोवाला सुद्धा तुळशीचं वृंदावन नेतो, वेगळे पन्नास घेतो पण नेतो.

गंमत म्हणजे जे गेम फुकट आहेत तिथे हे सगळं होतं. माझा भाचा नववीत आहे, त्याला मी हे रडगाणं ऐकवलं. तो पबजी मोबाइलवाला. सप्टेंबर २०२० मध्ये सरकारने तो बंद केला तेव्हा हा चौथी-पाचवीत असेल, दोन दिवस जेवला नव्हता म्हणे. जुलै २०२१ मध्ये तोच गेम बीजीएमआय नावाने भारतासाठी परत आला तेव्हा जुन्या अकाउंटमधला माल नव्यात आणायची सोय दिली होती, ह्याच्या ताईच्या अकाउंटमधले कपडे, बंदुकांचे रंग, सगळं तसंच आलं. अख्खा गेम देशातून हद्दपार होऊन दहा महिन्यांनी वेगळ्या नावाने आला आणि शर्ट तोच! भाचा मला म्हणाला, "मामा, म्हणजे तू पैसे देऊन घेतलास तरी तुझं अकाउंटच नाहीये?" मी म्हटलं नाहीये. "मग विकत काय घेतलंस?" मी त्याला विषय बदलून बोर्डाच्या परीक्षेबद्दल विचारलं, जो मामा लोकांचा जुना उपाय आहे.

उत्तर खरं तर सोपं आहे आणि म्हणूनच त्याला सांगावंसं वाटलं नाही. फुकटच्या गेममध्ये तुम्ही दुकानात सतत आत असायला पाहिजे, म्हणून तुमचं सामान ते स्वतः उचलून तुमच्या मागे घेऊन येतात. विकतच्या गेममध्ये तुमच्याकडून मिळायचं ते पहिल्या दिवशी मिळून झालेलं असतं. हे असं बघितलं की बरोनबद्दल उलट आदरच वाटतो, २०१६ पासून एकदा पैसे दिलेल्या माणसाला तो अजून फुकट अपडेट देतोय, आंबा पण त्यातलाच. भिंती त्याने बांधलेल्या नाहीत, तो पण तिथे भाडेकरूच.

नोव्हेंबरात फोनवर १.६ आलं आणि मी परत केबल काढली. आता लॅपटॉप आणि फोन एकाच शेतात आहेत, फक्त शेवटचं कुठे झोपलो ते लक्षात ठेवावं लागतं. एकदा विसरलो आणि जुनी फाइल नव्यावर टाकली, नऊ दिवस गेले, त्यात एक वासरू पण होतं. त्यानंतर ते फोल्डर दर रविवारी पेन ड्राइव्हवर टाकतो. पेन ड्राइव्ह कपाटात, बाबांच्या त्या निळ्या फाइलजवळ, ज्यात तेवीस नावांचा सातबारा आहे.

आणि कन्सोलवरचं तिसरं शेत? ते मी पहिल्या वसंतातच सोडलं. पंधरा पार्सनिप काढले आणि जीव लागेना. मग पावसाळ्यात एका रविवारी मी झोपून उठलो तर बायकोच्या हातात तो कन्सोल. "नुसतं बघतेय," म्हणाली. आठवड्याने तिने स्वतःची वेगळी सेव्ह सुरू केली, ते तिथे फुकट करता येतं, एकाच कॉपीत अजून शेतं काढा. ती जळगावची, तिच्या माहेरी खरीखुरी केळी आहे, माझ्यासारखी सातबाऱ्यावरची शेती नाही. तिने पहिल्या वर्षात जेवढं कमावलं तेवढं मला तीन वर्षांत जमलं नव्हतं, पाण्याच्या पाइपचे फवारे कसे लावायचे त्याचा तिने वहीत नकाशा काढलाय, आणि बुधवारचं दुकान ती एकदाही विसरलेली नाही. मी काही सुचवायला गेलो की म्हणते, तू तुझ्या शेतात जा.

परवा ती बेटावर पोचली. त्या व्यापाऱ्याकडे केळीचं रोप पण मिळतं, त्याला शिंपले चालत नाहीत, ड्रॅगनचे पाच दात लागतात, आणि ते ज्वालामुखीच्या आत शिरून शोधावे लागतात. तिने ती पाटी दोनदा वाचली.

"तुझ्या आंब्याला शिंपले, आणि माझ्या केळीला ड्रॅगनचे दात?"

मी म्हटलं, मी नाही ठेवलेला भाव.

आत्ता रात्रीचे पावणेबारा झालेत, ती ज्वालामुखीत तिसऱ्या मजल्यावर आहे, दोन दात मिळालेत, आणि मला लाइट बंद करू का असं विचारायची सोय नाहीये.